झेनच्या दरवाजांना रंग : दीड वर्ष, दोन नवतपे

मे 2024, नवतप्याचा, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यांत तापत्या नऊ दिवसांतला, तिसरा दिवस. बाबा नागपूरच्या महाल भागातलं काम आटोपून गाडीत बसले तेव्हा गाडी तासभर उन्हात तापलेली होती. घरी येऊन त्यांनी उजवा हात दाराच्या आर्मरेस्टवरून उचलला, तर कोपराला राखाडी रंगाचा पापुद्रा चिकटून आला, कांद्याच्या सालीसारखा, चांगला चार बोटं रुंद. "निघालं रे हे," एवढंच ते म्हणाले. सहा महिन्यांपूर्वी मी चार सुट्ट्या घालवून केलेलं रंगाचं काम होतं ते. माझा सगळा राग त्या स्प्रे कॅनवर निघाला. त्याच दिवशी लिहायला बसलो असतो तर "पैसे पाण्यात गेले, कोणी घेऊ नका" एवढ्यावर विषय संपला असता. हे लिहितोय तो जून 2025 चा दुसरा आठवडा, दुसरा नवतपाही होऊन गेलाय आणि माझं मत बरंच बदललंय.

गाडी 2004 ची मारुती झेन, एलएक्स मॉडेल. इंजिनाबद्दल काही सांगत नाही, ज्यांनी चालवलीय त्यांना ते माहीत आहे. दुसऱ्यांदा पासिंग करून आणखी पाच वर्षं ती ठेवायची, असं घरात ठरलं होतं. म्हणून आतून तिला नीट करायचं मनावर घेतलं.

आतली खरी दुर्दशा डॅशबोर्डची नव्हती, दरवाजांची होती. डॅशबोर्ड थोडा विटलेला, पण दरवाजांच्या वरच्या पट्ट्या आणि आर्मरेस्ट पांढुरके पडलेले, बोट फिरवलं की खडूसारखी भुकटी बोटाला यायची. याचं कारण मला नंतर कळलं. समोरची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असतो, आणि तो अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवतो. बाजूच्या काचा नुसत्या टफन्ड, म्हणजे एकेरी, कडक केलेल्या. त्यांतून त्या किरणांचा बराच भाग आत येतो आणि प्लास्टिकचा वरचा थर फोडत राहतो. त्या बारीक भेगांवर उजेड विखुरतो, म्हणून रंग उडालेला दिसतो. 2012 साली सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि आम्ही बाजूच्या काचांवरची काळी फिल्म काढली. त्याआधी दरवाजे ठीक होते, हे जुन्या फोटोंत स्वच्छ दिसतं. शिवाय आमच्या अंगणात गाडी दक्षिणेकडे तोंड करून उभी राहते, त्यामुळे दुपारनंतरचं पश्चिमेचं सगळं ऊन चालकाच्या बाजूला. नागपूरचं ऊन, त्यात बारा वर्षं.

आधी बाहेर विचारलं. डिटेलिंगवाल्याने चारही दरवाजांचे अकरा हजार सांगितले. ज्या गाडीला विकून मोठी रक्कम येणार नाही, तिच्या दरवाजांवर अकरा हजार घालणं मला पटेना. जुन्या पार्टच्या दुकानात दुसऱ्या झेनचे दरवाजाचे पॅड (आतलं आवरण) मिळत होते, पण तेही तितकेच उडालेले. आमचा नेहमीचा मेकॅनिक म्हणाला, "कायले खर्च करता भाऊ, डिझेलचा हात मारून देतो, नव्यासारखं होते." डिझेलचा हात पूर्वी मारून पाहिलाय. चार दिवस चमकतं, मग धूळ बसते आणि वास राहतो तो वेगळा. बूट पॉलिशचा उपाय बाहेरच्या बंपरला कोणी करत असेल, आत तर शर्टाची बाही काळी होते.

मग इतवारीच्या बाजारातून "व्हिनाइल आणि प्लास्टिक डाय" असं लिहिलेले राखाडी रंगाचे दोन स्प्रे कॅन आणले, 620 रुपयांना एक. आयपीए (पुसायचं आयसोप्रोपिल अल्कोहोल) अर्धा लिटर 160, पॉलिश पेपर, स्कॉच ब्राइट आणि मास्किंग टेप मिळून 210, हातमोजे आणि मास्क 250. एकूण 1,860. नोव्हेंबर 2023 मध्ये काम सुरू केलं.

पॅड काढणं वाटतं तितकं अवघड नाही. काच वर करायच्या हँडलमागे तारेची क्लिप असते. हँडल आणि पॅडच्या फटीत जुन्या बनियनची पट्टी घालून दोन्ही हातांनी मागे-पुढे ओढली की क्लिप उडते. क्लिप कुठे पडते तिकडे लक्ष ठेवा. पॅडमागे दाराला चिकटवलेला प्लास्टिकचा कागद असतो, तो फाडू नका. काचेवरून दारात उतरणारं पाणी तोच अडवतो. फाटला तर पावसाळ्यात पॅड आतून भिजतात.

साबणाने धुतलं, वाळवलं, आयपीएने पुसलं, 800 नंबरच्या पेपरने हलकं घासलं आणि रंगाचे तीन हात मारले. काय सुंदर दिसत होतं! पॅड बसवून दार लावलं तेव्हा बाबा दोन मिनिटं नुसते पाहत उभे होते. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, काहीच तक्रार नाही. शेजारच्या काकूंनी गाडी रंगवली का म्हणून विचारलं. मार्चमध्ये आर्मरेस्ट जरा चकचकीत वाटायला लागला. एप्रिलमध्ये नखाचा ओरखडा पांढरा उठायला लागला. आणि मे महिन्यात तो पापुद्रा.

इथून पुढे मी जवळजवळ फक्त चालकाच्या आर्मरेस्टबद्दलच लिहिणार आहे. सगळ्या गाडीत ती जागा जेमतेम वीतभर आहे, मान्य. पण बाकीच्या पॅडला कोणी हात लावत नाही. इथे रोज तासभर कोपर टेकलेलं असतं, घाम असतो, हाताचं तेल असतं, खालून तापलेलं प्लास्टिक आणि वरून हाताचा भार. रंग टिकतो की नाही ते इथेच कळतं. कोणी रंगवून घेतलेल्या दरवाजांचे फोटो दाखवले तर आधी विचारा, आर्मरेस्ट किती महिन्यांनंतरचा आहे?

पापुद्रा निघाल्यावर दुसऱ्या दिवशी दोन स्क्रू काढून आर्मरेस्ट सुटा केला आणि पहिल्यांदाच उलटा करून पाहिला. मागे बारीक उठावदार अक्षरं होती, दोन बाणांच्या टोकांमध्ये : पीपी. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. पुढे दरवाजाच्या वरच्या पट्ट्या काढल्या, त्यांच्या मागेही तेच. नोव्हेंबरमध्ये हेच पॅड माझ्या हातात होते, पण मागची अक्षरं मी वाचली नव्हती.

पॉलिप्रॉपिलीनवर साधा रंग धरत नाही. दही-ताक, लोणी ज्या डब्यांतून येतं त्यांतले कित्येक याच जातीचे, त्यावर स्केच पेन फिरवून बघा, शाई गोळा होते. पृष्ठभागच असा की रंग त्याला पकडत नाही, नुसता वर बसतो. डॅशबोर्डचे काही भाग एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकचे असतात, त्याला रंग बरा धरतो, उलट त्याच्यावर कडक थिनर पडला तर भेगा पडतात. म्हणून आधी मागची अक्षरं वाचायची. पाण्यात टाकून तरंगलं तर पीपी, असंही सांगतात, पण गाडीच्या पीपीमध्ये टाल्क (दगडाची भुकटी) मिसळलेला असला तर तो बुडूही शकतो. त्या परीक्षेवर मी विसंबणार नाही.

माझं मत फिरलं ते रेक्झिनमुळे. दरवाजाच्या मधल्या भागात रेक्झिन आहे. तोच कॅन, तोच दिवस, तेच हात. त्या रेक्झिनवरचा रंग मे महिन्यातही जसाच्या तसा होता. नखाने खरवडला, दुमडला, काहीच झालं नाही. रेक्झिनचा वरचा थर पीव्हीसीचा, आणि या डायमधलं द्रावण पीव्हीसीला किंचित विरघळवून आत धरतं. म्हणजे कॅन वाईट नव्हता, मी तो न धरणाऱ्या जागेवर मारला होता. कॅनवर "प्लास्टिक" लिहिलंय याचा राग मात्र अजून आहे. कोणतं प्लास्टिक ते लिहायला एक ओळ पुरली असती. आणि "डाय" हा शब्दही फसवा आहे. कापडाला रंग मुरतो तसं काही कडक प्लास्टिकमध्ये मुरत नाही, तिथे तो पातळ रंगाचा थरच असतो.

दुसरं कारण घरातलंच. बाबा दर रविवारी गाडी आतून पुसतात आणि गेली पंधरा-सोळा वर्षं शेवटी डॅशबोर्ड पॉलिशचा हात दरवाजांवरूनही फिरवतात. त्या पॉलिशमध्ये सिलिकॉनचं तेल असतं. ते प्लास्टिकच्या बारीक दाण्यांत बसतं आणि आयपीएने नीट निघत नाही. नोव्हेंबरमध्ये पहिला हात मारताना दोन ठिकाणी रंग गोल गोल फाकून खड्डे पडले होते, ते मी धुळीचे समजून वरून दुसरा हात दिला होता. ती सिलिकॉनची खूण होती. बाबांना हे सांगताना जड गेलं, कारण त्या पॉलिशमागे गाडीवरची त्यांची मायाच होती.

दुसरं काम ऑक्टोबर 2024 मध्ये केलं, पाऊस गेल्यावर. आधी करायची घाई झाली होती, पण उन्हाळ्यात कॅनमधला रंग पॅडवर पोचायच्या आत हवेतच वाळतो आणि खरखरीत बसतो, पावसाळ्यात दमटपणामुळे पांढुरकी झाक येते. या वेळी फक्त पुढचे दोन दरवाजे घेतले. जुना रंग घासून उतरवला. ऑटो पेंटच्या दुकानातून मेण आणि सिलिकॉन काढायचं द्रावण आणलं, 450 रुपये. एका फडक्याने लावायचं आणि वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं, नाहीतर तेल इकडचं तिकडे होतं. हे चार वेळा केलं, दर वेळी नवीन फडकं. मग रंगाच्या आधी मारायचा, पीपीसाठीचा प्लास्टिक प्रायमर, 780 रुपयांचा कॅन. दिसायला पाण्यासारखा, इतका पातळ की मारलाय की नाही कळत नाही, पण जाड मारायचा नाही, घासायचा तर मुळीच नाही. कॅनवर दिलेल्या वेळेत, माझ्या कॅनवर दहा मिनिटं होती, वर रंग घ्यायचा. रंगाचे दोन पातळ हात, सकाळी आठच्या आत. मग दहा दिवस पॅड माळ्यावर ठेवले आणि घरातल्या सगळ्यांना हात लावायला मनाई. गेल्या वेळी मी तिसऱ्या दिवशीच बसवले होते. गाडीत आठवडाभर थिनरचा वास राहिला आणि आईला त्याने डोकेदुखी झाली, हेही सांगायला हवं.

रंगाचा नवा कॅन धरून दुसरा खर्च 1,850. दोन्ही मिळून 3,710. पहिल्याच वेळी पीपी वाचलं असतं तर रंगाचा एक कॅन आणि दुसऱ्यांदाची मेहनत वाचली असती, ही गोष्ट मला आजही टोचते.

बसवायच्या आधी आर्मरेस्टच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला ब्लेडने उभ्या-आडव्या रेघा मारल्या, त्यावर सेलोटेप दाबून झटक्यात ओढली. एक चौकोनही निघाला नाही. पहिल्या वेळी हे केलं असतं तर मे महिन्यात कळलेलं नोव्हेंबरमध्येच कळलं असतं.

आता आठ महिने आणि एक नवतपा झाला. रंग आर्मरेस्टवरून निघालेला नाही. नखाने ओरखडा उठतो, पण पापुद्रा होत नाही. कोपर टेकतं तिथे चकाकी आलीय, कॅनवर सॅटिन, म्हणजे मंद चकाकीचा, लिहिलं असलं तरी घासून घासून ती जागा गुळगुळीत होतेच. उन्हात बघितलं की त्या वीतभर जागेचा रंग बाजूच्या पट्टीपेक्षा वेगळा वाटतो. बाबांना ते दिसत नाही, मला रोज दिसतं. मूळ कंपनीच्या राखाडीत निळसर झाक होती, कॅनमधल्या राखाडीत ती नाही. अगदी हुबेहूब हवा असेल तर पेंटच्या दुकानात मशीनवर मिक्स करून घ्यावा लागेल. त्यात हार्डनर (रंग कडक करणारं द्रावण) मिसळायचा टू-के रंग सुचवतील, पण त्या हार्डनरमधली आयसोसायनेट ही रसायनं श्वासाला फार वाईट, साधा कापडी मास्क त्याला काहीच करत नाही. घराच्या अंगणात मी तो मारणार नाही.

मागच्या दोन दरवाजांवर अजून पहिलाच, प्रायमरविना मारलेला रंग आहे. तिथे कोणी बसत नाही म्हणून तो टिकलाय. खरवडला तर निघतो. दरवाजा मागचा असेल आणि वापर नसेल तर साध्या कॅनवरही चालून जाईल, हे माझं प्रामाणिक निरीक्षण.

दोन गोष्टी मात्र कळकळीने सांगतो. रंग मारताना सीटबेल्ट पूर्ण झाका, त्याच्या पट्ट्याला कसलाही रंग किंवा द्रावण लावू नका, जीव त्या विणीवर असतो. आणि ज्यांच्या गाडीत एअरबॅग आहे त्यांनी स्टिअरिंगच्या मधल्या झाकणाला आणि डॅशबोर्डवरच्या त्या झाकणाला हात लावू नका, रंग थोडा उडाला तर उडू द्या.

बाबांनी पॉलिशची बाटली कपाटात मागे ठेवून दिलीय, फेकली नाही. रविवारी आता नुसतं ओलं पिळलेलं फडकं फिरवतात. परवा त्यांच्यासमोर आर्मरेस्टवर पुन्हा सेलोटेप लावून ओढली. त्यांनी टेप माझ्या हातातून घेतली, चष्मा वर करून उजेडात धरली आणि म्हणाले, "मागचेही करून घे मग. पण पाऊस जाऊ दे."