पोटाला मसाज की इंजेक्शन?

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला नळीतून दिलेलं अन्न पोटात तुंबलं की दोन वाटा. मेटोक्लोप्रमाइडचं (पोट पुढे सरकवणारं औषध) इंजेक्शन लवकर काम करतं, पण काही दिवसांत जोर ओसरतो. मान-जबडा आखडण्याचीही भीती. मसाजला माणसाचे हात आणि 15 मिनिटं लागतात, दिवसातून दोनदा. उशाकडची बाजू 30 ते 45 अंश वर. तेलाचा हात उजव्या जांघेवरून बरगडीपर्यंत, मग आडवा, मग डावीकडून खाली, मोठ्या आतड्याच्याच वाटेनं. पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, आत रक्तस्राव किंवा गरोदर बाई असेल तर मुळीच नाही.

आमच्या यवतमाळकडे कपाशीवरच्या फवारणीतून विषबाधा झालेले येतात. त्यांना चालू असलेल्या अॅट्रोपिननं (विषावरचा उतारा) आतडी आणखी मंदावतात. डॉक्टरांना विचारून मी आधी मसाजच करते. तरी नळीतून सिरिंजनं ओढून पाहताना पोटातलं अर्धा लिटर मागे आलं, तर इंजेक्शनला उशीर नको.