इंग्लंड, वेल्स की ऑस्ट्रेलिया? कोच बदललेल्या तीन टीमपैकी कुठली धरायची

२०२५ च्या जूनमध्ये अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली तेव्हापासून आमच्या ग्रुपमधल्या दोघातिघांना रग्बीचं वेड लागलंय आणि आता रोज एकच प्रश्न, २०२७ च्या वर्ल्ड कपला कुठली टीम धरायची. भारत तिथं नाही, म्हणजे टीम उसनीच घ्यायची. न्यूझीलंड नाहीतर साउथ आफ्रिका धरली की विषय संपला, पण जिंकणाऱ्याच्या मागं कोणीपण उभं राहतं, त्यात काय मजा.

मी तीन टीम सुचवतोय, कारण तिघांनी साधारण सहा आठवड्यांत कोच बदलले. ५ डिसेंबर २०२२ ला वेल्सनं वेन पिवॅकला काढलं, दुसऱ्याच दिवशी इंग्लंडनं एडी जोन्सला काढलं, आणि १६ जानेवारी २०२३ ला ऑस्ट्रेलियानं डेव्ह रेनीला काढून त्याच एडीला आणून बसवलं. वर्ल्ड कप होता २०२३ च्याच सप्टेंबरमध्ये, फ्रान्सला. तेव्हा तिन्हीकडच्या फॅन लोकांनी जे डोकं धरलं ना, ते बघितलं की आपल्याला कुठला ताप झेपेल ते बरोबर कळतं.

आधी इंग्लंड, कारण तिथं सगळ्यात कमी नाटक. एडीनं २०१९ ला वर्ल्ड कपच्या फायनलपर्यंत नेलेलं, त्याची जिंकायची टक्केवारी ७३ च्या आसपास, तरी २०२२ मध्ये १२ पैकी फक्त ५ मॅच जिंकल्या आणि शेवटच्या मॅचला साउथ आफ्रिकेकडून २७-१३ हरल्यावर ट्विकनमच्या, म्हणजे लंडनमधल्या त्यांच्या स्टेडियमच्या, घरच्या पब्लिकनंच हुर्यो उडवली. काढल्यावर बहुतेकांना हुश्श झालं, काही म्हणाले एवढ्या उशिरा कशाला. बदली आला स्टीव्ह बोर्थविक, जुना कॅप्टन, एडीचाच एकेकाळचा असिस्टंट, कमी बोलणारा माणूस. फॅनची तक्रार पहिल्यापासून एकच, बॉल हातात आला की किक मारतात, बघायला कंटाळा येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये फिजीकडून घरात ३०-२२ हरले तेव्हा तर सगळ्यांनी आशाच सोडली होती. आणि मग वर्ल्ड कपला हीच कंटाळवाणी टीम सेमीफायनलला साउथ आफ्रिकेशी एकही ट्राय (बॉल समोरच्याच्या रेषेपलीकडं जमिनीला टेकवणं) न मारता शेवटच्या काही मिनिटांपर्यंत पुढं, १६-१५ नं हरली, तिसरी आली. नोव्हेंबर २०२५ ला न्यूझीलंडला ३३-१९ हरवलं. थोडक्यात सरकारी बँकेतली एफडी.

वेल्सचं तसं नाही. पिवॅकनं २०२१ ला सिक्स नेशन्स, ही युरोपातल्या सहा देशांची दरवर्षीची स्पर्धा, जिंकून दिली होती, पण २०२२ ला घरात इटलीकडून हरले, नोव्हेंबरला जॉर्जियाकडून १३-१२ हरले, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३४-१३ पुढं असताना ३९-३४ नं हरले. मग परत बोलावलं कोणाला, तर वॉरन गॅटलंडला, २००७ ते २०१९ मध्ये तीन ग्रँड स्लॅम (सिक्स नेशन्सच्या सगळ्या मॅच जिंकणं) देणारा. फॅन एकदम खूश, आता जुने दिवस परत येणार. थोडे शहाणे लोक तेव्हाच सांगत होते की दुखणं कोचचं नाही, खालच्या चार प्रोफेशनल टीमच्या पैशाचं आहे, आणि झालंही तसंच, फेब्रुवारी २०२३ मध्ये करारांवरून खेळाडू इंग्लंडच्या मॅचला संपावर जायच्या गोष्टी करायला लागले. वर्ल्ड कपला ऑस्ट्रेलियाला ४०-६ धुतलं खरं, पण २०२४ च्या पूर्ण वर्षात एक टेस्ट (रग्बीत देशादेशांतली मॅच) जिंकली नाही. एकही नाही! फेब्रुवारी २०२५ ला रोममध्ये इटलीकडून हरल्यावर गॅटलंड गेला, लागोपाठ हरायची रांग १८ वर जाऊन जुलैमध्ये जपानला हरवल्यावर थांबली. मग स्टीव्ह टँडी आला, आणि नोव्हेंबरला साउथ आफ्रिकेनं ७३-० केलं. तरी स्टेडियममध्ये गाणी म्हणणारच हे लोक.

आता ऑस्ट्रेलिया, इथं जरा वेळ घेतो कारण यांच्या गोष्टीत सगळा मसाला आहे. रेनी न्यूझीलंडचा माणूस. २०२२ मध्ये १४ पैकी ५ जिंकल्या, इटलीकडून पहिल्यांदा हरले, हे वाईटच. पण हरलेल्या मॅचचे स्कोअर बघा, फ्रान्सशी ३०-२९, इटलीशी २८-२७, आयर्लंडशी १३-१०. खूप फॅनचं म्हणणं होतं की टीम जागेवर येतेय, खेळाडू त्याच्या बाजूनं आहेत, आता कशाला हात लावता. दुसरी पार्टी म्हणाली एडी आपला माणूस, २००३ ला फायनलला नेलंय, २०२७ चा वर्ल्ड कप घरात आहे, पाच वर्षांचा करार द्या. दिला. एडीनं मायकल हूपर आणि क्वेड कूपर या दोघा जुन्याजाणत्या खेळाडूंनाही वर्ल्ड कपच्या टीममधून काढलं, वर्ल्ड कपच्या आधीच्या पाचही मॅच हरला, मग फिजीकडून २२-१५, वेल्सकडून ते ४०-६, आणि ऑस्ट्रेलिया इतिहासात पहिल्यांदा पूलमधूनच (सुरुवातीच्या गटातूनच) घरी. लिऑनला मोठ्या स्क्रीनवर त्याचा चेहरा दिसला की स्वतःचेच फॅन ओरडत होते. ऑक्टोबर संपता संपता राजीनामा, डिसेंबरमध्ये जपानचा कोच. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. क्रिकेटमध्ये ग्रेग चॅपल आणि २००७ आठवणाऱ्यांना हा राग समजावून सांगायची गरज नाही.

पण नंतर ‘जो श्मिट’ नावाचा नवा कोच आला आणि हळूहळू चित्र बदललं. २०२४ ला ट्विकनमवर अगदी शेवटी मॅक्स जॉर्गन्सननं ट्राय मारून इंग्लंडला ४२-३७ हरवलं, ऑगस्ट २०२५ ला साउथ आफ्रिकेच्या एलिस पार्कवर त्यांच्याशीच ०-२२ मागं असताना ३८-२२ जिंकले, ती मॅच नसेल बघितली तर आधी ती बघा मग पुढचं बोलू. लगेच उडू नका, त्याच नोव्हेंबरला युरोपात चारच्या चार हरले. शिवाय श्मिटनंतर लेस किस हे आधीच जाहीर केलंय, म्हणजे परत कोच बदल, पण निदान यावेळी वर्षभर आधी सांगून, रात्रीत नाही.

तर निवड. रिझल्ट पाहिजे आणि बीपी सांभाळायचंय तर इंग्लंड. मित्रांना टोमणे मारायला विषय पाहिजे तर वेल्स, टोमणे तुम्हालाच बसतील. नवीन माणसाला मी ऑस्ट्रेलियाच सांगेन, टीम वर जाईल की खाली हे त्यांचं त्यांनाच माहीत नसतं आणि तेच बघायला मजा येते. त्यात त्यांच्या घरच्या संध्याकाळच्या मॅच आपल्याकडं दुपारी असतात, रात्र जागायला नको. पूलमध्ये मात्र न्यूझीलंड आहे, सोबत चिली आणि हाँगकाँग, म्हणजे बाहेर पडायची भीती कमी, पहिल्या नंबरची आशाही कमी.

मी स्वतः वेल्सवाला, का ते विचारू नका. आणि इंग्लंड-वेल्स एकाच पूलमध्ये आलेत, टोंगा आणि झिम्बाब्वेबरोबर, त्यामुळं ग्रुपमधल्या कोणी इंग्लंड धरली तर ती मॅच माझ्याकडं, भजी तुमच्याकडून.