गॅसमध्ये रिअ‍ॅक्शन घडवायचीय: यूव्ही दिवा, गॅमा की इलेक्ट्रॉन बीम?

आधी एवढंच बघा, तुमचा गॅस प्रकाश शोषतो का? शोषत असेल तर बाकी भानगडीत पडूच नका, दिवा घ्या. क्लोरीनचा बंध तुटायला साधारण 2.5 इलेक्ट्रॉनव्होल्ट (रेणूंच्या पातळीवरची ऊर्जा मोजायचं एकक) लागतात, त्याला निळा उजेडही चालतो, आणि सोबत हायड्रोजन असेल तर एका फोटॉनमागे (प्रकाशाच्या एका कणामागे) साखळी अशी सुटते की एचसीएलचे (हायड्रोजन क्लोराइडचे) लाखभर रेणू बनू शकतात (म्हणून जपून, स्फोट होतो). पण ऑक्सिजनपाशी गाडी अडते. पाऱ्याच्या नेहमीच्या दिव्याचा 254 नॅनोमीटरचा फोटॉन 4.9 चा, बंध 5.1 चा, थोडक्यात हुकतं! 185 नॅनोमीटरचा प्रकाशही बाहेर सोडणारा क्वार्ट्झचा दिवा लावला तर ओझोन मिळतो. नायट्रोजन मात्र दोन्हींना ढिम्म.

गॅमा किरण किंवा बीमला (वेगवान इलेक्ट्रॉनांच्या झोताला) असली आवडनिवड नसते. समोर येईल त्या रेणूतून इलेक्ट्रॉन उडवायचा, मग ते सुटलेले इलेक्ट्रॉन पुढे आणखी धडका देत जातात आणि खरं काम तेच करतात. हवेत एक आयन-जोडी (सुटलेला इलेक्ट्रॉन आणि मागे उरलेला धन आयन) बनायला सरासरी 34 इलेक्ट्रॉनव्होल्ट खर्च होतात, खरंतर ऑक्सिजनला 12 आणि नायट्रोजनला 15.6 पुरतात, उरलेली ऊर्जा रेणू उत्तेजित करण्यात आणि मंद इलेक्ट्रॉनांत जाते, ती सगळी वायाच जाते असं नाही. तोटा हा की हवेसारख्या मिश्रणात नायट्रोजनच जास्त, म्हणून मोठा वाटाही तोच खातो.

या दोघांत माझं मत बीमला. कोबाल्ट-60 चे गॅमा 1.17 आणि 1.33 एमईव्हीचे (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचे), पण गॅस इतका विरळ की बहुतेक किरण आरपार निघून जातात, शिवाय तो सोर्स बंद करता येत नाही, अर्धायुष्य 5.27 वर्षं. दाबाखालच्या बंद भांड्यात निवांत अभ्यास करायचा असेल तर ठीक. बीम बटणावर बंद होतो आणि वाहत्या गॅसला झटक्यात डोस देतो. पोलंडमधल्या पोमोझानी वीज केंद्रात चिमणीच्या धुरावर हेच केलं: पाण्याच्या वाफेतून ओएच रॅडिकल (फार चटकन रिअ‍ॅक्शन करणारे तुकडे) सुटतात, सल्फर आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांची आम्लं होतात आणि आधीच सोडलेला अमोनिया त्यांचं खत करून टाकतो. अशा धुरात यूव्ही फार आत शिरणारच नाही.

फक्त बीम धातूवर आपटला की एक्स-रे निघतात, त्यामुळे जाड काँक्रीटची भिंत आलीच.