गुलाबी रंगाने बुडवलेले ११,७८,५०० रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो. जुनं घर पाडून नवं बांधून देतो म्हणणाऱ्याने बुडवलेले ११,७८,५०० रुपये. यात भाड्याच्या घराचे पैसे नाहीत, सामान हलवताना फुटलेलं आईचं आरशाचं कपाट नाही, आणि सागवानी दारं-खिडक्यांची किंमत काढणं तर मी सोडूनच दिलंय. हे लिहायला चार महिने लागले, कारण ज्याला त्याला ‘काम जरा रखडलंय’ असंच सांगत होतो. सख्ख्या भावालासुद्धा.

घर १९८४ सालचं, वडिलांनी बांधलेलं. कॉलम-बीमचं, तळमजला आणि वर एक मजला. डागडुजी करून आणखी वीस वर्षं काढायची की पाडून नवं बांधायचं, हा घोळ आमच्याकडे तीन वर्षं चालला होता. जुन्या घरात राहणाऱ्यांना तो वेगळा सांगायला नको. रविवारी दुरुस्ती ठरते, बुधवारी कुठेतरी पोपडा पडतो आणि पाडायचं ठरतं. मागच्या पावसाळ्यात आईच्या खोलीत छताचा परातीएवढा तुकडा पलंगापासून हातभर अंतरावर पडला. आतली सळई उघडी, तांबूस, खवले सुटलेली. त्याच पलंगावर आई झोपते. एवढं लक्षात ठेवा आणि मग मला शहाणपण शिकवा.

आमच्या जुन्या मिस्त्रींनी बघून सरळ सांगितलं होतं. वरच्या न्हाणीघराचा पाइप झिरपतोय, आधी तो बदला. सळई गंजली की फुगते, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो, म्हणून खालचं काँक्रीट ढकललं जाऊन पडतं. सुटलेलं सगळं खरवडून काढू, सळया घासून गंजरोधक लावू, मायक्रो काँक्रीटने, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या बारीक खडीच्या पातळ काँक्रीटने, भरून घेऊ. बाकी घराला काही झालेलं नाही. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसकट २,६०,००० रुपये. मी ‘बघतो’ म्हणालो. मनात म्हटलं, मिस्त्री माणूस, एखादा रीतसर इंजिनिअर बघू दे. हा माझा माज. तोही लिहून ठेवतो.

रीतसर इंजिनिअर आला तो ‘मोफत तपासणी’तून. पुढचा साचा तुम्हाला पाठ असेल. तपासणी फुकट, अहवालाला पैसे, अहवालात घर धोकादायक, आणि नवं घर बांधून द्यायला अहवालवाल्याचीच माणसं तयार. मलाही पाठ होता. दुसऱ्यांच्या बाबतीत.

आता तो क्षण. रोज रात्री एकदा तरी डोळ्यांसमोर येतो, तेव्हा सविस्तरच सांगतो.

त्याने जिन्याखालच्या कॉलमचा कोपरा छिन्नीने फोडला. ब्रशने धूळ झाडली. खिशातून छोटी बाटली काढून दोन फवारे मारले. काही सेकंदांत तो ताजा फोडलेला भाग गडद गुलाबी झाला, सळईपर्यंत. ‘बघा काका, लाल. काँक्रीट आतून मेलंय.’ आई दारात उभी होती, ती जवळची खुर्ची ओढून बसली. माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. ती म्हणाली, ‘बाबा, ते फिनॉल्फ्थॅलिन असेल तर गुलाबी म्हणजे आम्लारी ना? मग ते चांगलंच असेल.’ तो हसला. ‘ताई, ते प्रयोगशाळेतलं झालं, साइटवरचं केमिकल वेगळं असतं.’ आणि मी, पोरीचा बाप, तिला काय म्हणालो? ‘तू आत जा, अभ्यास कर.’

ती गेली. दार जरा जोरात लावलं.

ते फिनॉल्फ्थॅलिनच होतं. मीही दहावीला ते चंचुपात्रात थेंब थेंब टाकलेलं आहे. आम्लात रंगहीन, आम्लारीत गुलाबी. चांगलं काँक्रीट तीव्र आम्लारीधर्मी असतं आणि त्यामुळेच आतली सळई गंजापासून वाचते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं बाहेरून आत शिरत जातो आणि ते आम्लारीपण मारत जातो. जिथवर तो पोचला तिथवर फवारा मारला तरी रंग येत नाही. म्हणजे भीती वाटायला हवी ती रंग न आलेल्या पट्ट्याची, आणि तो पट्टा सळईपर्यंत पोचला असेल तर जास्तच. आमच्या कॉलममध्ये रंग सळईपर्यंत होता. त्याने आमच्या घराची तब्येत चांगली असल्याचा पुरावा आमच्याच डोळ्यांसमोर धरला आणि तोच मृत्यूचा दाखला म्हणून विकला. (गुलाबी दिसलं म्हणून नाचूही नका. मिठासारखे क्षार आत शिरले असतील तर गुलाबी काँक्रीटमध्येही सळई गंजते. पण लाल म्हणजे मेलं, हे धादांत खोटं.)

खुणा आणखीही होत्या. काँक्रीटचा कठीणपणा मोजायचा, ठोके देणारा हातोडा त्याने प्लॅस्टरवरच चालवला. ते यंत्र उघड्या, घासून सपाट केलेल्या काँक्रीटवर आणि एकेका जागी बरेच ठोके घेऊन वापरायचं असतं. प्लॅस्टरवर ठोकलं तर प्लॅस्टरची परीक्षा होते. अहवालात ध्वनिलहरींच्या चाचणीचे बारा आकडे दशांशासकट छापले होते. त्या चाचणीला दोन प्रोब लावलेलं यंत्र लागतं. ते आमच्या घरात कधी आलंच नाही! नवव्या पानावर तडा गेलेल्या कॉलमचा फोटो होता, मागे निळी भिंत. आमच्या घरात निळी भिंत एकही नाही. मी अहवालाच्या पहिल्या पानावरून थेट शेवटच्या पानावर गेलो. ‘पुढील पावसाळ्यापूर्वी निष्कासन आवश्यक’, म्हणजे पाडा, एवढंच वाचलं. तुम्ही वाचली असती चाळीस पानं? खरं सांगा.

अहवालाचे १८,५००. नकाशा आणि बांधकाम परवानगीचे १,३५,०००. करारावर सही करताना ६,००,०००. प्रत्येक वेळी बँकेतून, पावती घेऊन. ‘रोख दिले असतील’ म्हणणाऱ्यांसाठी हे मुद्दाम. पाडकाम ‘फुकट’, कारण भंगार त्याचं. हे वाक्य ऐकलंत तर तिथेच थांबा. चाळीस वर्षांपूर्वीचं सागवान, सळई, लोखंडी ग्रिल यांचे पैसे होतात. चांगला माल निघणार असेल तर पाडणारा उलट मालकाला पैसे देतो. आधी मोजून, यादी करून, सही घेऊन मगच हात लावू द्यायचा. आमची दारं दोन टेंपो भरून गेली आणि मी टेंपोवाल्याला वीस रुपये चहाला दिले.

आणि घर पडेना. पावसाळ्याआधी कोसळणार होतं ना? चार दिवसांचं पाडकाम अकरा दिवस चाललं. ब्रेकरवाला पोरगा दुसऱ्या दिवशी टोपी काढून म्हणाला, ‘साहेब, कशाला पाडताय? सळई सोडतच नाय काँक्रीट.’ मी म्हणालो, आतून खराब आहे. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी अजून विसरलेलो नाही. त्याच दिवशी काम थांबवलं असतं तर निम्मं घर वाचलं असतं. पण आता मागे कसं फिरायचं, लोक काय म्हणतील, आणि सहा लाख तर दिलेले. पैसे गेलेत म्हणून आणखी पैसे घालायचे, या रोगाला नाव असेल तर शोधून ठेवा.

पुढचा भाग पडला, मागचं स्वयंपाकघर आणि एक खोली उभी राहिली. तेवढ्यात ‘सळई आज बुक केली नाही तर भाव चढतोय’ म्हणून ४,२५,००० घेतले. परवानगीच्या अर्जावरचा आवक शिक्का फोनवर दाखवला. दुसऱ्या सोमवारी माणसं आली नाहीत. तिसऱ्या सोमवारी फोन बंद.

इथून पुढे सरकारी पाहुणचार.

बांधकाम विभागात तो आवक क्रमांक दाखवला. तो कुणाच्या तरी नळजोडणीच्या अर्जाचा निघाला. अहवालाखालचा परवाना क्रमांक दाखवला. ‘असा परवाना आमच्याकडे नाही.’ मग कारवाई करा. ‘आमच्याकडे नोंदच नाही, कारवाई कुणावर करणार?’ म्हणजे खरा परवाना असता तर कारवाई झाली असती आणि खोटा आहे म्हणून होत नाही. हे त्या बाईंनी चष्मा पुसत पुसत सांगितलं. नऊ दिवसांनी त्याच कार्यालयाची नोटीस आली, माझ्या नावाने! विनापरवाना पाडकाम केल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करा. मला शोधायला त्यांना बरोबर जमलं.

पोलिसांकडे सात खेपा. पहिल्या ठाण्यात म्हणाले, पैसे त्याच्या ऑफिसात दिलेत, तिकडच्या ठाण्यात जा. तिकडे म्हणाले, घर इकडे नाही. चौथ्या खेपेला एका साहेबांनी करार उलटसुलट पाहिला. ‘करार आहे, थोडं काम झालंय, ही दिवाणी बाब.’ म्हटलं, साहेब, अहवाल खोटा आहे, शिक्का खोटा आहे, फोटो दुसऱ्याच घराचा आहे, यात दिवाणी काय? ते म्हणाले, ‘सही करताना वाचलं नव्हतं का?’ ठाण्यातल्या बाकावर बसलेला एक पाकीटमारही हसला. बँकेने कळवलं की व्यवहार खातेदाराने स्वेच्छेने केलेला आहे. स्वेच्छेने! हा शब्द तर फ्रेम करून लावावा.

एक काम मात्र नंतर शहाण्यासारखं केलं, ते तुम्ही आधी करा. ज्याला बांधकाम मिळणार नाही असा स्ट्रक्चरल इंजिनिअर स्वतः फी देऊन बोलावला. तपासणारा आणि बांधणारा एक नको, एकमेकांचे पाहुणे-मेहुणेही नकोत. परवाना क्रमांक त्याच्याकडून घेऊन कार्यालयात स्वतः जाऊन पडताळला. त्याने मागच्या उभ्या कॉलमचा कोपरा फोडला, झाडला, फवारलं. गुलाबी. ‘हे तर ठणठणीत आहे, कुणी पाडायला काढलं?’ त्याने विचारलं. मी खोटं बोललो. म्हणालो, आधीच्या मालकाने.

त्याच्याकडूनच कळलं की पाडण्याआधी बघायची पहिली गोष्ट नियम आहेत. जुनं घर त्या काळच्या नियमाने कुंपणाला खेटून उभं असतं. एकदा पाडलं की नव्याला आजच्या नियमाची मार्जिन, म्हणजे घराभोवतीची मोकळी जागा, सोडावी लागते. आमच्या प्लॉटवर आता खालचा मजला पूर्वीएवढा होणारच नाही, एक अख्खी खोली जाईल. दुरुस्तीत हा प्रश्नच आला नसता. मंजूर नकाशा स्वतःच्या हातात, मूळ कागद, येईपर्यंत एक वीट हलवू नका. फोनवरचा फोटो म्हणजे कागद नव्हे. तड्याची भीती वाटत असेल तर तड्यावर आडवी काच चिकटवून तारीख लिहा आणि काही महिने बघा. काच फुटली तर तडा वाढतोय, मग घाई करा. तोवर घाई करायला लावणारा माणूस दाराबाहेर. आईचा पलंग दुसऱ्या खोलीत हलवायला दहा मिनिटं लागली असती. ती मला सुचली नाहीत.

ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची असते, म्हणून पोलिसांची वाट बघत बसायचं नाही असं ठरवलं. तक्रारीचा मसुदा मुलीने टाइप केला. रकमा मी वाचत होतो, ती लिहीत होती. नववं पान जोडताना म्हणालो, ‘तुझं बरोबर होतं त्या दिवशी.’ ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, ‘बाबा, दुसऱ्या हप्त्याची तारीख चुकलीय, आधी ती बघ.’