तलावातले दिवे बदलून आठ महिने झाले

नागावच्या आमच्या घरामागे छोटा पोहण्याचा तलाव आहे. त्यातले ४ पैकी २ दिवे पहिल्याच पावसाळ्यात गेले. काढून बघितले तर काचेआड बोटभर पाणी, तारेच्या टोकांवर हिरवा थर, आणि स्टेनलेस म्हणून विकलेली कड नखाने खरवडली तरी तपकिरी भुकटी निघत होती. दुकानदार म्हणाला, आत पाणी गेलंय, गॅरंटी नाही. पाण्यातच राहायच्या दिव्याला हे कारण मला मुळीच पटलं नाही. पुतणी रोज संध्याकाळी त्याच पाण्यात असते.

या वेळी चारही दिवे रेझिन भरलेले एलईडी घेतले: १२ व्होल्ट, १८ वॅट, आयपी ६८ (म्हणजे पाण्यात बुडून राहू शकणारे). आत पोकळीच नाही, त्यामुळे पाणी साचायला जागा नाही. बिघडला तर दुरुस्ती होत नाही, अख्खा दिवा बदलावा लागतो. मला ते चालेल.

आमच्या वायरमनदादांनी एक गोष्ट हट्टाने केली. पाण्याखाली एकही जोड ठेवला नाही, अखंड केबल काठावरच्या जंक्शन बॉक्सपर्यंत नेली. शिवाय प्रत्येक दिव्यामागे दीड मीटर केबल गुंडाळून ठेवली, म्हणजे तलाव न उपसता दिवा वर काढता येतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवला. घेण्याआधी दिवा एसीवर चालतो की डीसीवर ते बघाच. आमचा जुना ट्रान्सफॉर्मर एसीचा, म्हणून तसेच दिवे शोधले.

एक तक्रार आहे. वॉर्म व्हाइट घेतले, तर निळ्या टाइल्सवर पाणी हिरवट दिसतं. कूल व्हाइट घ्यायला हवे होते. बाकी चारही दिवे अजून कोरडे आहेत.