घरी येणारी पॅलिएटिव्ह सेवा : सात आठवड्यांचा अनुभव

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच.

आई ७८ वर्षांची, स्वादुपिंडाचा कॅन्सर. केमो झेपणार नाही म्हटल्यावर ही पॅलिएटिव्ह, म्हणजे आजार बरा करण्याऐवजी त्रास कमी करणारी, सेवा घेतली. आठवड्यातून दोनदा नर्स, पंधरवड्याला डॉक्टर. पैसे आधीच स्पष्ट सांगतात, नंतर बिलात काही घुसडत नाहीत.

पहिल्याच दिवशी दादाने डॉक्टरांना जिन्यात गाठलं. "आईला यातलं काही माहीत नाहीये हां." त्या म्हणाल्या, "मी आपणहून सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही." आत येऊन त्यांनी आईलाच विचारलं, "काकू, आजाराबद्दल किती माहिती हवीय तुम्हाला?"

आई म्हणाली, "ही दोघं मिक्सर लावून कुजबुजतात. मला काय कळत नाही?"

मिक्सर खरंच लावायचो आम्ही.

मग नाकात नळी नको, व्हेंटिलेटर नको, हे लिहून ठेवायचं तिनेच ठरवलं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची; २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. हे यांच्याच समुपदेशक बाईंनी सांगितलं, मसुदाही दिला. आई मराठीची निवृत्त शिक्षिका. 'कृत्रीम'मधली दुसरी वेलांटी पहिली केल्याशिवाय तिने सही केली नाही.

दुखण्यावर मॉर्फिन या अफूपासूनच्या औषधाची १० मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी, सोबत पोट साफ व्हायचं औषध. "हळूहळू संपवताय का तिला?" असं दादाने तोंडावर विचारलं. नर्स चिडली नाही. वहीतले रकाने दाखवले: दुखणं किती, डोस किती. दुखणं वाढलं तेवढाच डोस वाढला होता.

शेवटच्या आठवड्यात आईने खाणं सोडलं. दादा नळीसाठी अडून बसला. मनातून मीही त्याच्याच बाजूची होते, बोलले नाही इतकंच. डॉक्टर अर्धा तास त्याच्याशी बोलल्या. त्याने इच्छापत्राची झेरॉक्स पुन्हा वाचली. नळी घातली नाही. ओठांना ओला कापूस लावायचं काम मात्र त्याने कुणालाच करू दिलं नाही.

आता तारा. '२४ तास फोन' म्हणतात. एका रात्री अडीचला आई कळवळत असताना चाळीस मिनिटं कुणी उचलला नाही. सकाळी माफी मागितली. तरी तारा देणार नाही.

आई गेल्यावर नर्स येऊन उरलेल्या अकरा गोळ्या मोजून घेऊन गेली, वहीत माझी सही घेतली. भाड्याचा पलंग न्यायला मात्र आठ दिवस लावले.