सजग स्वप्नांसाठीचा दिव्यांचा मास्क : वापरानंतरचे मत

डोळ्यांवर बांधायचा, आतून लाल दिवे असलेला आणि झोपेत त्या दिव्यांच्या उघडझापीने 'हे स्वप्न आहे' अशी जाणीव करून देण्याचा दावा करणारा एक मास्क मी उन्हाळ्यापासून गणपती होऊन जाईपर्यंत वापरला. ल्युसिड ड्रीमिंगसाठीचे, म्हणजे स्वप्न चालू असतानाच ते स्वप्न आहे हे कळण्यासाठीचे, असे मास्क ऑनलाइन निरनिराळ्या नावांनी मिळतात. माझा टायमरवर चालणारा, पाच हजारांच्या आतला होता. त्याचे नाव मी देत नाही, कारण पुढे लिहिलेले बहुतेक मुद्दे या प्रकारच्या कोणत्याही स्वस्त मास्कला तपासून पाहता येतील. माझे मत आधीच सांगते. दिवे ठरल्या वेळी लागतात, बॅटरी व्यवस्थित टिकते, वस्तू म्हणून तो टाकाऊ नाही. मात्र ज्यासाठी तो विकला जातो ते काम तो स्वतः करत नाही, आणि ज्यांची झोप मुळातच चाळवलेली असते त्यांनी तो घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

मास्क काळ्या फोमचा आहे. डोळ्यांसमोर खोलगट वाट्या असल्यामुळे पापण्या दबत नाहीत आणि खोलीतला उजेड आत येत नाही. प्रत्येक वाटीत वरच्या कडेला बारीक एलईडी बसवलेले आहेत, तर बॅटरी आणि सर्किट कपाळावर येणाऱ्या काड्यापेटीएवढ्या प्लास्टिकच्या डबीत आहे. डबीवरच्या बटणाने दिव्यांची तीव्रता आणि झोपल्यानंतर किती तासांनी ते सुरू व्हावेत हे ठरवता येते. दिवे लाल असण्याला कारण आहे : मिटलेल्या पापणीतून निळ्या-हिरव्या उजेडापेक्षा लाल उजेड अधिक आत पोहोचतो. तीव्रता सर्वांत कमी ठेवली तर स्वप्नापर्यंत काहीच पोहोचत नाही आणि सर्वांत जास्त ठेवली तर माणूस सरळ जागा होतो. मधली पायरी प्रत्येकाला आपापली शोधावी लागते आणि त्यात बऱ्याच रात्री जातात.

टायमरवर चालणे ही या मास्कची सर्वांत मोठी मर्यादा आहे, आणि ती समजण्यासाठी झोपेची घडण थोडी माहीत असावी लागते. ठळक, कथानक असलेली स्वप्ने प्रामुख्याने रेम झोपेत पडतात. डोळ्यांच्या जलद हालचालींची ही अवस्था 1953 मध्ये शिकागो विद्यापीठातील ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी नोंदवली. झोपेचे एक आवर्तन साधारण 90 मिनिटांचे असते, सुरुवातीच्या आवर्तनांत रेमचा भाग तोकडा असतो आणि पहाटेकडे तो वाढत जातो. म्हणून दिवे चार-पाच तासांनंतर लावण्याची शिफारस माहितीपत्रकात आहे आणि ती योग्यच आहे. पण एखाद्या रात्री उशिरा डोळा लागला, मध्येच पाण्यासाठी उठावे लागले किंवा वीज जाऊन कूलर बंद पडला, की सगळे गणित कोलमडते आणि मास्क बिचारा गाढ झोपेवर दिवे पाडत राहतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील स्वप्नसंशोधक स्टीफन लाबर्ज यांनी पूर्वी अशी उपकरणे घडवली तेव्हा त्यांनी डोळ्यांची हालचाल ओळखणारा सेन्सर वापरला होता. आजच्या स्वस्त मास्कमधून नेमका तोच काढून टाकलेला असतो, आणि खोक्यावर मात्र 'स्मार्ट' हा शब्द ठळक छापलेला असतो.

मूळ कल्पना भंपक नाही, हे मात्र नोंदवले पाहिजे. रेम झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू शिथिल असतात. डोळ्यांचे स्नायू त्याला अपवाद आहेत. याचाच उपयोग करून 1975 मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ॲलन वर्स्ली या स्वप्नकर्त्याकडून, झोपेत असतानाच, आधी ठरवलेल्या डोळ्यांच्या खुणा मिळवल्या, आणि पुढे काही वर्षांत लाबर्ज यांनीही स्वतंत्रपणे तेच करून दाखवले. 2021 मध्ये अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स येथील गटांनी झोपलेल्या माणसांना सोपी बेरीज-वजाबाकी विचारून स्वप्नातून उत्तरे घेतली. त्यांतही अचूक उत्तर पाचापैकी एकाहून कमी प्रयत्नांत आले, आणि तेथे मेंदूच्या लहरींवर नजर ठेवणारी माणसे शेजारी बसलेली होती. घरच्या पलंगावर, एका बटणाच्या मास्ककडून किती अपेक्षा ठेवावी, याचा अंदाज त्यावरून येतो.

प्रत्यक्षात होते काय, तर दिवे स्वप्नात पोहोचतात, पण दिवे म्हणून पोहोचत नाहीत. एका स्वप्नात मी सोसायटीच्या गणपतीची आरास करत होते आणि मखरामागची लाल दिव्यांची माळ सारखी विझत होती. प्लग सैल आहे असे मी ठामपणे सर्वांना सांगितले, स्टूल आणवले, वायरला चिकटपट्टी लावली आणि उरलेले सगळे स्वप्न त्या माळेची दुरुस्ती करण्यात गेले. सकाळी उठल्यावर ध्यानात आले की ती माळ म्हणजे मास्क होता. दुसऱ्या खेपेस तोच उजेड घाटात पुढे चालणाऱ्या ट्रकचे मागचे दिवे होऊन आला. झोपेतले मन प्रत्येक खुणेला कारण शोधून देते, आणि ते कारण त्या वेळी अगदी पटते. त्यामुळे नुसता दिवा पुरत नाही. लाल उजेड दिसला की आपण जागे आहोत का हे तपासायचे, ही सवय दिवसा लावून घ्यावी लागते. सिग्नलला थांबल्यावर, लिफ्टचा आकडा बदलताना किंवा मिक्सरचा दिवा लागल्यावर मी नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहत असे (स्वप्नात नाक दाबूनही श्वास घेता येतो), आणि ऑफिसातल्या लोकांना मला सर्दी झाली आहे असे वाटत राहिले.

ही सवय अंगवळणी पडल्यावर एकदा ते साधले. स्वप्नात मी नागपूरच्या गणेशपेठ बसस्थानकावर उभी होते, वर्ध्याची गाडी लागली होती आणि फलाटावरचा दिवा लाल होऊन लुकलुकत होता. गाडीच्या पाटीवर 'वर्धा' लिहिले होते. मान वळवून पुन्हा वाचले तेव्हा अक्षरे तशीच जाड, पिवळी होती, पण त्यांतून कोणतेच नाव तयार होत नव्हते. नाक दाबले, श्वास आला. त्या क्षणी सगळे स्थानक असे स्पष्ट झाले की बाकावरच्या रंगाचे पोपडे आणि खालचा चहाचा ओघळसुद्धा मला वेगवेगळा दिसला. मी हसले, आणि त्या आनंदानेच जाग आली. अनुभवी लोक अशा वेळी स्वप्नातले हात एकमेकांवर चोळायला किंवा जागच्या जागी गिरकी घ्यायला सांगतात. पुढे हात चोळल्याने मला थोडा अधिक वेळ मिळाला. असे अनुभव मोजकेच आले, पण ते खरे होते आणि ज्याला ते हवे आहेत त्याची हौस मी समजू शकते. फक्त त्यांचे श्रेय मास्कला किती द्यायचे, हा प्रश्न आहे. पुढे काही आठवडे मास्क न लावता, उशाशी वही ठेवून उठल्याबरोबर स्वप्ने लिहून काढली आणि झोपताना 'आता स्वप्न पडले की ते स्वप्न आहे हे मला आठवेल' एवढे स्वतःला बजावले, तेव्हाही अनुभव साधारण तेवढेच आले.

आता त्रासाविषयी, कारण विक्रेत्याच्या पानावरच्या कौतुकात त्याचा उल्लेख नव्हता. कपाळावरच्या डबीमुळे कुशीवर झोपणे अशक्य होते. डबी उशीला टेकते, मास्क सरकतो आणि गालावर वळ उठतो. म्हणून उताणे झोपावे लागते. झोपेत जाग येऊनही शरीर न हलण्याचा प्रकार, ज्याला डॉक्टर स्लीप पॅरालिसिस म्हणतात आणि आपल्याकडे 'छातीवर कुणीतरी येऊन बसले' असे सांगितले जाते, तो उताण्या झोपेत अधिक आढळतो, आणि झोप तुटक झाली की त्याची शक्यता आणखी वाढते. हा मास्क एकाच वेळी उताणे झोपवतो आणि पहाटेची झोप मोडतो. मला तो अनुभव आला. जाणीव पूर्ण होती, हात जागचा हलेना, छातीवर ओझे होते आणि पलंगाच्या पायथ्याशी कुणीतरी चपला घासत उभे आहे असे स्पष्ट ऐकू येत होते. रेम झोपेतली स्नायूंची शिथिलता जाग आल्यावरही काही क्षण उरते आणि स्वप्नाचे तुकडे खोलीत मिसळतात, एवढेच ते असते, हे मला आधीपासून माहीत होते. पण एरवी अशा वेळी डोळे उघडून कपाट, खिडकी, पंखा बघता येतो आणि धीर येतो. मास्कच्या आत डोळे उघडले तर केवळ काळोख, आणि त्या काळोखात ठरल्या वेळी लागणारे लाल दिवे. पायाचा अंगठा हलवण्यावर लक्ष एकवटल्यावर ते सुटले. त्यानंतर मी दिवे कायमचे बंद केले. माहितीपत्रकात यावर एक ओळही नाही.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. विदर्भातल्या मे महिन्यात फोम घामाने भिजतो आणि धुण्यासाठी सर्किट सुटे करण्याची सोय नाही. पट्ट्याचे वेल्क्रो केसांत अडकते. आवाजाची खूणही देता येते, पण कूलरच्या घरघरीत ती ऐकू येत नाही. माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर 'प्राचीन योगविद्येवर आधारित' असे छापले आहे. योगसूत्रांच्या समाधिपादात स्वप्न आणि निद्रा यांच्या ज्ञानाला चित्ताचे आलंबन, म्हणजे मन स्थिर करण्याचा आधार, म्हटले आहे हे खरे, पण त्याचा चार्जिंग केबलशी संबंध जोडणे हा निव्वळ दुकानदारपणा वाटतो.

फिट येण्याचा त्रास असलेल्यांनी लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या या वस्तूच्या वाटेला जाऊ नये. ज्यांना वरचेवर स्लीप पॅरालिसिस होतो, दिवसा अनावर झोप येते किंवा भास-भ्रमांवर औषधे चालू आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. ज्यांची झोप शांत आहे, सकाळी लवकर उठण्याची सक्ती नाही आणि ज्यांना स्वप्ने लिहून ठेवायची सवय आहे, त्यांनी हौस म्हणून घ्यायला हरकत नाही. मात्र डबी कपाळावर नसून बाजूला किंवा पूर्ण सपाट असलेला आणि डोळ्यांची हालचाल ओळखणारा मास्क मिळतो का ते पाहावे, जरी त्यासाठी अधिक पैसे मोजावे लागले तरी. मागवण्यापूर्वी परतीचे नियमही वाचावेत, कारण डोळ्यांना लागणारी वस्तू म्हणून खोके उघडल्यावर माझ्या विक्रेत्याने ती परत घेण्यास नकार दिला.